हवेत सोडलेले बारा शब्द

आत या, पण हात खिशात ठेवा. समोर फळ्यांवर मांडलेल्या पसाऱ्याला ना पेटी आहे ना झाकण. तांब्याच्या जाड तारेची वेटोळी, कंडेन्सर, मीटर, पितळी स्क्रू, सगळं उघडं. त्यावर दोन हजारांच्या आसपास व्होल्टचा दाब आहे आणि सावध करायला पाटी कुणी लावलेली नाही, कारण इथं येणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. एका कोपऱ्यात मोटर-जनरेटर घुमतोय. त्याची थरथर आधी तळपायांना कळते, मग कानांना.

तुम्ही ग्रेनिचमध्ये आहात. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातलं, न्यूयॉर्कला लागून असलेलं हे गाव. जागा मिंटन क्रॉन्काइट यांची, महिना डिसेंबर, साल १९२१. स्टेशनचा कॉलसाइन वन-बी-सी-जी. पेन्सिल, वही आणि हेडफोन तुमच्या हातात देऊन कुणीतरी तुम्हाला स्टुलावर बसवतं. क्लबात नवा आलेला माणूस आधी लॉग लिहितो. तेव्हाही तसंच होतं, आजही तसंच आहे.

क्लबाचं नाव रेडिओ क्लब ऑफ अमेरिका. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये शाळकरी मुलांनी तो काढला, तेव्हा त्याच्या नावात ‘ज्युनिअर’ होतं. ती मुलं आता मोठी झालीत. मधल्या काळात महायुद्ध येऊन गेलं, एप्रिल १९१७ मध्ये सरकारनं सगळ्या हौशी रेडिओवाल्यांची तोंडं बंद केली, अँटेना उतरवायला लावल्या. प्रक्षेपणाची परवानगी परत मिळायला १९१९ सालचा शेवट उजाडला. या खोलीतल्या माणसांच्या अंगातली घाई समजून घ्यायची तर ती अडीच वर्षं लक्षात ठेवावी लागतात.

स्टेशन सहा जणांनी उभारलंय: बर्गहार्ड, इनमन, ग्रिनन, एमी, क्रॉन्काइट आणि आर्मस्ट्राँग. शेवटचं नाव तुम्ही ऐकलेलं असेल. उंच, टक्कल पडू लागलेले, मोजकं बोलणारे एडविन आर्मस्ट्राँग. विद्यार्थी असतानाच, १९१२ मध्ये त्यांनी व्हॉल्व्हमधला संदेश फिरवून पुन्हा त्याच व्हॉल्व्हला देण्याची युक्ती शोधली आणि रिसीव्हरची ताकद कितीतरी पटींनी वाढवली. युद्धात पॅरिसला लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये असताना १९१८ मध्ये सुपरहेटरोडाइन रिसीव्हर त्यांना सुचला. आपल्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या रेडिओच्या पोटात तीच कल्पना होती. उंचीची त्यांना भीती नाही. पोरवयात याँकर्सच्या घराच्या आवारात शंभर फुटांवर उंच खांब त्यांनी स्वतः उभारला होता आणि त्यावर ते चढतही.

आता हे सगळं कशासाठी, ते बघा. १९१२ च्या कायद्यानं हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरी दिल्या. मोठी स्टेशनं हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरत, जाणकारांचा समज असा की लहर जितकी लांब तितका पल्ला मोठा. म्हणजे व्यवहारात ‘निरुपयोगी’ तुकडा काढून हौशींच्या पदरात टाकलेला. शक्तीलाही मर्यादा, एक किलोवॅट. एवढ्या सामग्रीत अटलांटिक ओलांडता येतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकन रेडिओ रिले लीगनं फेब्रुवारी १९२१ मध्ये पहिली चाचणी घेतली. ब्रिटनमध्ये कुणालाही काही ऐकू आलं नाही. दुसरी चाचणी आता, डिसेंबरात. या खेपेला आधी चाळणी लावलेली: ज्यानं जमिनीवरून हजार मैलांचा पल्ला गाठून दाखवला त्यालाच स्वतःची वेळ आणि गुप्त सांकेतिक अक्षरं. बाकीच्यांसाठी रात्रीचा सुरुवातीचा वेळ खुला, विभागवार. ऐकणाऱ्यांना अक्षरं आधी सांगितलेली नाहीत, त्यामुळे ‘ऐकलं’ म्हणायचं तर ती बरोबर लिहून दाखवावी लागतात. आजच्या कॉन्टेस्टमध्ये आपण सिग्नल रिपोर्ट आणि क्रमांकाची देवाणघेवाण करतो आणि नंतर दोन्हीकडचे लॉग ताडून पाहिले जातात. त्या शिस्तीमागचा विचार इथं दिसतो. मला हा भाग पल्ल्याहूनही महत्त्वाचा वाटतो. पुराव्याचा आग्रह नसता तर ही सगळी गावगप्पा ठरली असती.

बाहेर चला, अँटेना पाहू. थंडीनं बोटं वळत नाहीत, तरी दोर हातात घ्या. वर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पिंजरा-अँटेना आहे. एकच तार नव्हे, गोल कड्यांभोवती लांबच लांब ताणलेल्या अनेक तारा. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या वरच्या कातडीतूनच वाहतो, म्हणून पृष्ठभाग जितका जास्त तितका तोटा कमी. खाली बघा: जमिनीपासून वर, डोक्याएवढ्या उंचीवर, मधल्या बिंदूपासून चहूकडे पसरलेल्या तारा. हा काउंटरपॉइज. नुसत्या मातीत अर्थिंग दिलं तर शक्तीचा मोठा वाटा माती तापवण्यात जातो. हे तारांचं जाळं तो वाटा बराचसा वाचवतं. एका माणसाला हे ताणणं अशक्य आहे. एक खांबावर, एक दोरावर, एक लांब उभा राहून झोळ किती राहिलाय ते ओरडून सांगणारा. क्लब लागतो तो इथं. पुण्यात किंवा ठाण्यात गच्चीवर डायपोल चढवताना खालून ‘अजून थोडं ओढ’ म्हणणारा जो असतो, तो या कामातला सगळ्यात जुना मानकरी आहे.

परत आत. हेडफोन लावायच्या आधी चार व्हॉल्व्हांकडे नीट बघा, कारण सगळी पैज त्यांच्यावर लावलीय. प्रत्येक अडीचशे वॅटचा, मोठ्या दिव्याच्या फुग्याएवढा, आत पिवळसर तापलेली तार आणि तिच्याभोवती धातूची प्लेट. एक व्हॉल्व्ह लहर जन्माला घालतो, उरलेले तीन तिला मोठी करतात. कामाची अशी विभागणी केल्यानं मोर्सची की दाबली तरी वारंवारता हलत नाही. आजूबाजूचे पुष्कळ हौशी अजून स्पार्कवर आहेत: कडकडाट, निळी ठिणगी, आणि लहरींचा असा फवारा की शेजारपाजारची पट्टी सगळी भरून जाते. स्पार्कचा आवाज रुबाबदार होता, त्यावर जीव असलेली माणसं होती, आणि ठिणगीविना स्टेशन म्हणजे स्टेशनच नव्हे असं ती म्हणत. या खोलीत मात्र की दाबली की काहीच आवाज होत नाही. जनरेटरचा सूर किंचित खाली बसतो आणि अँटेनाच्या मीटरचा काटा उठून एका जागी थांबतो. सगळी शक्ती एका बारीक रेघेत, लहर २३० मीटरच्या आसपास. सतत लहर, म्हणजे आपल्या भाषेत सीडब्ल्यू.

कीवरचा मनगट सैल सोडून बसलाय. घाईनं पाठवलं तर समुद्रापलीकडे अक्षरं चिकटतील, म्हणून सावकाश आणि पुन्हापुन्हा. एक डिट, चार डा: हा एकचा आकडा. डा, मग तीन डिट. डा-डिट-डा-डिट. डा-डा-डिट. वन बी सी जी. परत. परत. तुम्ही वहीत वेळ लिहिता आणि पुढचा रकाना, उत्तराचा, कोरा सोडता. उत्तर येणार नाही, कारण पलीकडे ट्रान्समीटरच नाही, फक्त कान आहे. पाठवणाऱ्याची कसोटी इथं लागते. कुणी ऐकतंय की नाही हे न कळता, तासन्‌तास, तेवढ्याच काळजीनं प्रत्येक अक्षर नीट सोडायचं.

तो कान कसा आहे ते पाहायचं तर आता उडी मारा. घड्याळ पाच तास पुढे करा. स्कॉटलंड, आर्ड्रॉसन, समुद्रकाठचं ओलं शेत. वाऱ्यानं तंबूचं कापड फडफडतंय, पाऊस आडवा मारतोय, आत रॉकेलच्या स्टोव्हची ऊब हातभर अंतरावरच संपते. ओव्हरकोट घालून बसलेले पॉल गॉडली न्यू जर्सीचे, रिसीव्हर बांधण्यात नाव काढलेले. लीगनं त्यांना मुद्दाम जहाजानं पाठवलंय. ब्रिटिश हौशींना हे जरा लागलं, आणि लागणं साहजिक होतं. मँचेस्टरजवळच्या सेल गावात बर्न नावाच्या गृहस्थांनी घरबसल्या याच चाचणीत अमेरिकन स्टेशनं टिपून त्याचं उत्तर चोख दिलं. गॉडलींच्या शेजारी मार्कोनी कंपनीचे पिअरसन बसलेत, साक्षीदार म्हणून. दोघांनी ऐकलं तरच लॉगमध्ये जातं.

तंबूबाहेर सुमारे १३०० फूट लांबीची एकच तार, माणसाच्या दुप्पट उंचीवर, खांबांच्या रांगेवरून अमेरिकेच्या दिशेनं गेलीय. हॅरल्ड बेव्हरेज यांनी नुकतीच शोधलेली ही पद्धत. दूरच्या टोकाला रोध लावून ती जमिनीला जोडली की ती मुख्यतः एकाच बाजूचं ऐकते, पाठीमागच्या युरोपचा गोंगाट बराचसा गळून पडतो. आणि मेजावरचा दहा व्हॉल्व्हांचा रिसीव्हर कुठला? सुपरहेटरोडाइन. म्हणजे ग्रेनिचला ट्रान्समीटरजवळ उभे असलेले आर्मस्ट्राँग कल्पनेनं या तंबूतही हजर आहेत. दोन्ही टोकांना एकाच क्लबातल्या माणसाचं डोकं चाललंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गॉडली हेडफोनची दुसरी जोडी तुमच्या हातात देतात. आधी फक्त खरखर, वीज कडाडल्याचे तुटक आवाज, कुठल्यातरी जहाजाचा जाडसर स्पार्क. गॉडली डायल फिरवतात. फिरवतात म्हणण्यापेक्षा तिच्यावर बोट टेकवून श्वास रोखतात. एक बारीक शिट्टी वरून खाली घसरत येते, नाहीशी होते, पलीकडे पुन्हा चढते. सीडब्ल्यूला स्वतःचा आवाज नसतो. रिसीव्हर आपली एक लहर तिच्यात मिसळतो, दोन्हींतला फरक आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. बोट केसभर मागे. सूर स्थिरावला. एक डिट, चार डा. डा, तीन डिट. पिअरसन मान हलवतात, पेन्सिल चालते. आवाज कधी खरखरीत बुडतो, कधी मिनिटभर असा स्वच्छ वर येतो की ग्रेनिच पलीकडच्याच शेतात असावं.

या चाचणीत सगळ्यात आधी ऐकू आलेलं अमेरिकन स्टेशन स्पार्कचं होतं. पण वन-बी-सी-जी ज्या स्थिरपणे ऐकू येत राहिलं, तसं दुसरं कुणी नाही. बातमी अमेरिकेत पोचली तेव्हा ग्रेनिचच्या मंडळींनी आणखी एक पाऊल टाकायचं ठरवलं. नुसता कॉलसाइन आणि ठरलेली अक्षरं नकोत, रीतसर संदेश पाठवू. म्हणून ११ डिसेंबरच्या रात्री तुम्ही परत त्याच स्टुलावर आहात. स्कॉटलंडात १२ तारीख लागलीय.

संदेश क्रमांक १, शब्द १२. तुम्ही वहीत मोजता: ज्याला पाठवायचा त्याचं नाव आणि पत्ता मिळून चार शब्द, पॉल, गॉडली, आर्ड्रॉसन, स्कॉटलंड. मजकूर दोन शब्दांचा, मनःपूर्वक अभिनंदन. खाली सहा आडनावं. बारा भरले. सहाच्या सहा नावं एकाखाली एक, कुणाच्या नावापुढे पदवी नाही, शोधांची यादी नाही. जगात नाव झालेल्या आर्मस्ट्राँगांचं आडनाव चौथं, बर्गहार्ड, इनमन आणि ग्रिनन यांच्यानंतर. संदेश जसाच्या तसा आर्ड्रॉसनच्या तंबूत उतरला. २०० मीटरच्या त्या टाकून दिलेल्या पट्ट्याच्या काठावरून, हौशी माणसांच्या हातून अटलांटिक ओलांडून गेलेला हा पहिला पूर्ण संदेश.

गॉडलींनी त्या दिवसांत दोन डझनांहून जास्त अमेरिकन हौशी स्टेशनं ऐकली, त्यांतली बहुतेक सीडब्ल्यूची. रोजचा हिशेब वेल्समधल्या कार्नार्व्हनच्या मार्कोनी स्टेशनवरून अमेरिकेला कळवला जायचा: लाख उपायांनी उभ्या केलेल्या प्रचंड अँटेना आणि हजारो मीटरची लहर या बातमीची वाहक, आणि बातमी काय, तर पोरांच्या क्लबाचं एक किलोवॅटच्या आतलं यंत्र इकडे ऐकू आलं. स्पार्कवरचा वाद तिथंच मिटला. लोकांनी ठिणग्या उतरवल्या आणि व्हॉल्व्ह चढवले. उत्तर देणारा आवाज मिळायला अजून दोन वर्षं होती: नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचे लिऑन डेलॉय आणि हार्टफर्डचे फ्रेड श्नेल १०० मीटरच्या आसपास दोन्ही बाजूंनी बोलले. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबानं प्रक्षेपण सुरू केलं. आणि जून १९३३ मध्ये लीगनं पहिला फील्ड डे भरवला. घरचं स्टेशन सोडून मैदानात तंबू ठोकायचा, तारा ताणायच्या आणि रात्रभर कीवर पाळ्या लावायच्या, हा खेळ क्लब आजही खेळतात.

पण तुमचं काम अजून संपलेलं नाही. चाचण्या १६ तारखेपर्यंत चालणार आहेत. जनरेटरच्या बेअरिंगला तेल हवंय, काउंटरपॉइजची एक तार वाऱ्यानं सैल झालीय, आणि बर्गहार्ड विचारतायत, उद्याच्या रात्रीची पहिली पाळी कुणाची? वहीत तुमचं नाव लिहा आणि पक्कड घेऊन बाहेर चला.