दारू एकट्याची, भोग घराचा

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहाची दारू आजची नाही. उन्हाळा लागला की बायापोरं पहाटे मोह वेचायला जातात. गोंड-माडिया लोकांत देवाला ती वाहतात. लग्नात, मरणात ती लागतेच. पण सणाची दारू वेगळी अन् रोजची वेगळी. कोळशाच्या खाणी आल्या, बल्लारपूरला कागद कारखाना आला, दुकानं आली. मग प्यायला सणाची वाट पाहायची गरज उरली नाही.

पिणारा एक, भोगणारं सगळं घर. रोवण्याची मजुरी बाई धानाच्या ढोलीत लपवून ठेवायची. पाहुणा आला तर, "आंग दुखते म्हणून निजले आहेत," असं सांगायची. माय मुलाची उधारी फेडायची, म्हणजे गावात नाव जाऊ नये. "लगन करून द्या, सुधरते," असं म्हणून कोणाच्या तरी लेकीला त्या घरात आणायचे. सगळं मायेपोटीच व्हायचं, पण त्यानं पिणं झाकून राहायचं, सुटायचं नाही.

बायका बाहेर निघाल्या तेव्हा हे झाकणं थोडं थांबलं. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला. पुढं डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या सोबतीनं गावोगाव दारूविरुद्ध ठराव झाले, आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात 'श्रमिक एल्गार'च्या पारोमिता गोस्वामींसोबत बायका डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. बंदी आली 1 एप्रिल 2015 ला, अन् 2021 मध्ये सरकारनं उठवली. चोरटी दारू येते, महसूल बुडतो, ही कारणं होती.

त्या वेळी आमच्या गावची एक वहिनी बोलली, "भाऊजी, दुकान बंद राहो का चालू राहो, रात्री यायले दार तं मलेच उघडा लागते."

तिचं खरं होतं. कायदा दुकान बंद करते, घरातला आजार नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भलतंच दिसते, कधी झटके येतात. आमच्याकडं त्याला बाहेरची बाधा म्हणायचे आन् पुजाऱ्याकडं न्यायचे. अशानं माणूस जाऊ शकते. त्याला खोलीत कोंडू नये, दवाखान्यात न्यावं. गडचिरोलीत 2016 पासून शासन, 'सर्च' आणि टाटा ट्रस्ट यांच्या 'मुक्तिपथ'मधून दारू-तंबाखू सोडवायचं काम चालते.

घरच्यांनी काय करावं, हे बायकाच एकमेकींकडून शिकल्या. उधारी फेडायची नाही. खोटं सांगायचं नाही. पिऊन असला तर वाद घालायचा नाही, सकाळी शुद्धीवर बोलायचं. मारलं तर गप्प बसायचं नाही, चार जणींना बोलवायचं. सोडली तर मागचं काढून टोचायचं नाही, बांधीवर सोबत न्यायचं. पुन्हा घेतली तरी पुन्हा दवाखाना दाखवायचा. एकदा घसरला म्हणजे सगळं गेलं असं नाही.

त्या वहिनीनं उधारी फेडणं बंद केलं. सासू वर्षभर तिच्याशी बोलली नाही. मग तीच सासू लेकाला घेऊन दवाखान्यात गेली.