ट्रॅकवरील मोटारीचे ब्रेक : कॅलिपरची सील आणि डस्ट बूट यांची निगा

डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये पिस्टनभोवती दोन रबरी भाग असतात. आतील खोबणीत बसविलेले चौकोनी छेदाचे सील ब्रेक ऑइल अडवून धरते, तर बाहेरच्या तोंडाशी असलेला घडीदार डस्ट बूट धूळ, पाणी व पॅडची भुकटी पिस्टनपर्यंत पोहोचू देत नाही. किमतीने दोन्ही क्षुल्लक. परंतु कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर वा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सरळ पट्ट्याच्या टोकाशी पेडलाखाली दाब मिळणे या सीलवर अवलंबून असते.

सीलचे काम केवळ गळती रोखण्याचे, हा समज अपुरा आहे. ब्रेक दाबताच पिस्टन पुढे सरकतो आणि त्याला चिकटून असलेले सील किंचित वाकते. दाब ओसरला की ते पूर्ववत होताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाने मागे ओढते. पॅड डिस्कवरून सुटतो तो मुख्यतः याच ओढीमुळे. उष्णतेने सील ताठरले की ही ओढ क्षीण होते, पॅड घासत राहतो, उष्णता वाढते आणि सील अधिकच ताठरते. एकच चाक इतरांहून अधिक तापणे किंवा एकाच बाजूचा पॅड लवकर झिजणे, ही त्याची पहिली खूण होय.

ट्रॅकवर डिस्कचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते. सीलसाठी सामान्यतः वापरले जाणारे ईपीडीएम रबर दीर्घकाळ सुमारे १५० अंशच सोसते. पॅडला सर्वांत जवळ असलेला बूट आधी करपतो, चिरतो. म्हणूनच शर्यतीच्या अनेक कॅलिपरांना बूटच नसतो. पण ते कॅलिपर वरचेवर खोलले जातात, हे विसरता कामा नये. ट्रॅकवरून त्याच मोटारीने घरी परतणाऱ्याने, विशेषतः गोव्याच्या पावसात व खाऱ्या हवेत, बूट काढून टाकण्याचे अनुकरण करू नये. बूट फाटलाच असेल, तर नवे पॅड घालण्यासाठी पिस्टन मागे दाबण्यापूर्वी त्याचा उघडा भाग पुसून घ्यावा. अन्यथा चिकटलेली खर थेट सीलवर जाते.

आपल्याकडील गॅरेजांत सुटे भाग पेट्रोलने किंवा डिझेलने धुण्याची सवय आहे. येथे ती घातक ठरते. खनिज तेलाने ईपीडीएम फुगते आणि पिस्टन अडकतो. ताजे ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. साधे ग्रीस मुळीच नको. पिस्टन हवेच्या दाबाने काढायचा असल्यास दाब अगदी कमी ठेवावा, समोर लाकडी ठोकळा असावा आणि बोटे दूर असावीत. सील उचकटण्यास पोलादी स्क्रूड्रायव्हर वापरू नये, खोबणीला ओरखडा पडतो. काढलेले सील पुन्हा बसवू नये. पिस्टनच्या मुलाम्यावर गंजाचे खड्डे दिसल्यास तोही बदलावा. नवे सील त्यावर टिकत नाही. जोडानंतर ब्रेकमधील हवा काढणे आलेच.

पेडल मऊ झाले म्हणजे सीलच गेले, असे नव्हे. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळल्याने मऊ पडलेले पेडल ब्रेक थंड झाल्यावर बहुधा पुन्हा ताठ होते. मात्र बुटाच्या कडेला ओलसर थर दिसला, तर कॅलिपर खोलल्याशिवाय मोटार ट्रॅकवर नेऊ नये.