ब्रॅकमधला वाटाणा

डब्लिनमध्ये ३१ ऑक्टोबरला पाचच्या आतच दिवे लावावे लागतात. सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेसमोरच्या शेलबर्न हॉटेलात, लॉर्ड मेयर्स लाउंजच्या खिडकीशी तुम्ही चहाला बसला आहात. पुढ्यात चांदीची किटली आणि बशीत बार्मब्रॅकचा काप. मनुका-बेदाणे ठासून भरलेला हा गोडसर पाव. मूळ आयरिश नावाचा अर्थच मुळी ‘ठिपकेदार पाव’. लोणी लावा, पण सावकाश. इथे घाई कोणी करत नाही.

आता काचेकडे बघा. बाहेरच्या बसगाड्या विरघळतात, घोड्यांच्या टापा ऐकू येतात. खिडकी उघडी राहावी म्हणून तिच्या चौकटीखाली चक्क एक झाडू टेकवलाय! हे १८४२ साल. टिपरेरीच्या मार्टिन बर्कने १८२४ मध्ये तीन घरं एकत्र करून काढलेलं हे हॉटेल. गावाकडच्या जमीनदारांचा राबता मोठा. कलकत्त्यात जन्मलेला कादंबरीकार थॅकरे सध्या इथेच उतरलाय. झाडूची गंमत तो पुढच्या वर्षी प्रवासवर्णनात छापणार आहे. हॉटेलवाल्यांनी पाहुण्यांच्या अभिप्रायांना घाबरायची सुरुवात तिथूनच झाली असावी.

पण इथे रेंगाळू नका. नोकरांच्या जिन्याने खाली उतरा. प्रत्येक पायरीला काही वर्षं मागे पडतायत. तळाशी पोचाल तेव्हा १८७१ उजाडलेलं असेल. वरची इमारत १८६७ मध्ये नव्याने उभी राहिलीय, दारात दिवे धरलेल्या स्त्रियांचे पुतळे आलेत. तळघरात मात्र धूर, वाफ आणि आरडाओरडा.

‘‘ए, बघत काय राहायचं? सोल ते बटाटे!’’

कोट कधी गेला कळत नाही, हातात सुरी आहे. शेजारच्या भांड्यांतून भाजलेल्या मांसाचा वास येतो. ते वर जाणार, फ्रेंच नावांनिशी. वरचे बरेचसे पाहुणे प्रॉटेस्टंट. खाली सगळे कॅथलिक, आणि उद्या सर्व संतांचा सण म्हणून आज त्यांना सामिष वर्ज्य. तेव्हा तुम्ही सोललेले बटाटे दुधात घोटून, त्यात शिजवलेली केलची पानं आणि पातीचा कांदा कालवून कोलकॅनन होतं. ताटात ढीग वाढायचा, मधोमध आळं करायचं आणि त्यात लोण्याचा गोळा सोडायचा. वरणासाठी भाताला करतो तसंच आळं. चमच्याने कडेचा घास त्या वितळत्या लोण्यात बुडवा. वरच्या फ्रेंच पानात असं काही नाही, हे मी पैजेवर सांगेन.

स्वयंपाकीणबाई ताटातला कणही टाकू देत नाही. चाळिशी उलटलेली बाई. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला तेव्हा ती पोर होती. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं गेली. ती त्याबद्दल बोलत नाही. सोललेली सालं किती जाड आहेत, एवढंच वाकून बघते.

काम उरकलं की ब्रॅक कापायचा. आज हिवाळ्याचं दार उघडतं, जुन्या आयरिश पंचांगातला साविन हा सण. कोपऱ्यात कोरलेल्या टर्निपमध्ये मेणबत्ती जळतेय. भोपळा ही पुढे अमेरिकेत झालेली सोय. ब्रॅकच्या आत वस्तू दडवलेल्या असतात: कापात अंगठी मिळाली तर लग्न, नाणं मिळालं तर पैसा, चिंधी म्हणजे दारिद्र्य, काटकी म्हणजे मारकुटा नवरा. भांडी घासणाऱ्या पोरीला वाटाणा येतो: यंदा लग्न नाही. सगळ्या हसतात. तीही हसते, जरा उशिराने. एक ताट झाकून चुलीपाशी ठेवतात, आज घरी फिरकतील त्या मेलेल्यांसाठी. तिथे कोणाचा पाय लागत नाही.

पुन्हा वर या. २४ एप्रिल १९१६, ईस्टर सोमवार. काल ईस्टर झाला, लेंटचे उपास संपले. खेड्यांतून लोकांनी पहाटे उठून सूर्य नाचतो का ते पाहिलं, मनसोक्त अंडी खाल्ली. आज बरेच लष्करी अधिकारी फेअरीहाउसला घोड्यांच्या शर्यतीला गेलेत, आणि समोरच्या बागेत ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेले सिटिझन आर्मीचे कामगार, बाया-पुरुष, खंदक खणतायत. काउंटेस मार्कीव्हिच त्यांची उपप्रमुख. उद्या पहाटे ब्रिटिश सैनिक या हॉटेलच्या वरच्या मजल्यांवरून त्यांच्यावर मशिनगन रोखतील. मग गोळ्या येऊ-जाऊ लागतील, पाहुणे मागच्या बाजूला सरकतील, आणि चहा? चहा चालूच राहील. मला हे शौर्य वाटत नाही; पण वेटरचा हात हलत नव्हता, याला मी दाद देतो. बागेतल्या बदकांना दाणे टाकायला राखणदार निघाला की दोन्ही बाजू बंदुका थांबवायच्या. सहाच वर्षांनी, १९२२ मध्ये, याच इमारतीतल्या ११२ क्रमांकाच्या खोलीत स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकेल कॉलिन्स याच्या अध्यक्षतेखालच्या समितीने स्वतंत्र आयरिश राज्याच्या घटनेचा मसुदा लिहिला.

तुमचा चहा निवलाय. खिडकीत पुन्हा बसगाड्यांचे दिवे. बशीतला काप मोडून पाहता: काहीच नाही. हल्ली दुकानच्या ब्रॅकमध्ये फार तर अंगठी असते.

‘‘माझी आजी सगळं घालायची,’’ किटली भरताना वेटर म्हणतो.

‘‘मग तुम्हाला काय मिळायचं?’’

‘‘वाटाणा. दर वर्षी.’’ आणि तो पलीकडच्या टेबलाकडे वळतो.