बाळकडू आणि उग्गु

एखाद्याच्या अंगी एखादा गुण लहानपणापासून मुरलेला दिसला, म्हणजे 'ह्याला त्याचे बाळकडूच मिळाले आहे' असे आपण मराठीत म्हणतो. पैनगंगा ओलांडून पलीकडच्या तेलुगू घरात गेले, तर तेथेही हीच कल्पना भेटते. तान्ह्या मुलास पाजावयाच्या दुधाला तेलुगूत 'उग्गु' म्हणतात, आणि अगदी कोवळ्या वयात अंगवळणी पडलेली गोष्ट 'उग्गुपालांबरोबर आली' असे तेथील बोलणे आहे. आपल्या घरातले बोंडले ते त्यांचे 'उग्गुगिन्ने'. आपली बाळंतीण ती त्यांची 'बालिंत', आणि तिच्या खोलीत ज्याची धुरी दरवळते तो आपला ओवा त्यांच्याकडे 'वामु' होतो. दोन भाषांची कुळे निराळी. परंतु पाळण्यापाशी त्या एकमेकींच्या शेजारणी होतात. ह्या शेजाराचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे, आणि त्यासाठी मी आदिलाबाद जिल्हा निवडला आहे.

जुनी मराठी माणसे ह्या गावाला 'एदलाबाद' म्हणत. निजामाच्या राज्यात १९०५ साली ह्याला जिल्ह्याचे स्वरूप आले. कारभाराची भाषा उर्दू, बाजारात तेलुगू व मराठी, डोंगरात गोंडी व कोलामी, असा हा मुलूख होता. गोंडांच्या पराक्रमाच्या कथा गाऊन सांगणारे परधान गातात गोंडीत, पण त्यांच्या घरची बोली मराठी. आंध लोकांची बोलीही मराठीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून निघून मुंबई राज्याकडे आले, आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. पुढे २०१४ मध्ये तेलंगण झाले, आणि २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे पडले. नकाशा असा वारंवार बदलला. परंतु नकाशा काढणाऱ्यांनी सोयरिकी मोडल्या नव्हत्या. वणी, पांढरकवडा, किनवट, राजुरा ह्या बाजूच्या मुली आदिलाबादेकडे सुना म्हणून जात राहिल्या, आणि तिकडच्या मुली इकडे येत राहिल्या.

ह्या रोटीबेटीच्या व्यवहारात एक रिवाज असा आहे, की त्याचे महत्त्व इतिहासकारांच्या फारसे ध्यानी आलेले नाही. पहिले बाळंतपण माहेरी व्हावयाचे, हा तो रिवाज. सून सातव्या महिन्यात नदी ओलांडून आईकडे जाते आणि मूल दोनतीन महिन्यांचे झाले, म्हणजे परत येते. ती एकटी येत नाही. तिच्या बोचक्यात सहाण असते. हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग असते. अळीव आणि डिंक असतो. आणि ह्या सर्वांपेक्षा मोलाचे असे आईचे, आजीचे व शेजारणींचे बोलणे असते. मूल रात्री रडले तर काय करावे, टाळू कशी भरावी, बाळाला न्हाऊ घालताना मान कशी धरावी, अंगावर दूध कमी आले तर काय खावे, हे सारे ती तोंडपाठ घेऊन येते. सासरी येताच तिची जाऊ तिला निराळे काही सांगते, शेजारची तेलुगू बाई तिसरेच सांगते, कामाला येणारी कोलाम बाई चौथे. त्यातले जे पटते ते ती ठेवते आणि पुढल्या सुनेला सांगते. दवाखाना, शाळा व छापखाना ह्या मुलखात पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून ही देवघेव चालत आली.

ह्या शाळेला इमारत नव्हती. जागा मात्र ठरलेल्या होत्या. पहाटेचे जाते ही एक जागा. जात्यावर दोघी समोरासमोर बसत आणि उघड बोलता न येणारी गोष्ट ओवीतून सांगत. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन ह्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बायकांनी बायकांना सांगितलेल्या गोष्टींचे एवढे मोठे दप्तर क्वचितच कोठे असेल. पाणवठा ही दुसरी जागा. कापसाचे शेत ही तिसरी. आदिलाबादची जमीन काळी, कापसाची. वेचणीच्या दिवसांत झाडाच्या फांदीला झोळी टांगून बायका ओळीने वेचीत पुढे सरकतात, आणि झोळीतले मूल रडले की ओळीतल्या चारचौघी चार उपाय सुचवितात. चौथी जागा जत्रेची. पुष्य अमावास्येला केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळात नव्याने आलेल्या सुनांना तेथे देवापुढे व वडीलधाऱ्यांपुढे नेऊन भेटवितात. तोपर्यंत त्या कुळाच्या पुऱ्या झाल्या असे मानीत नाहीत. अनेक गावांच्या सासवा-सुना अशा एका ठिकाणी आल्यावर तेथे केवळ देवाच्याच गोष्टी निघत असतील, असे कोण म्हणेल?

इकडे पुण्या-मुंबईकडे ह्याच बोलण्याला छापील रूप येत होते. पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' १८८२ साली निघाले, आणि त्यात मुलांच्या संगोपनाचाही विचार होता. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे. १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केले आणि मध्यमवर्गीय घरातल्या बायकांना आपल्या अडचणी मांडावयास एक व्यासपीठ मिळाले. ह्या कामाचे मोल मोठे आहे. तथापि हा सारा व्यवहार वाचता येणाऱ्यांचा होता. निजामी खेड्यातल्या आईला तो नव्हता. १९४३ साली मार्लवाई येथे क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांसाठी वर्ग निघाला, आणि गोंडी वाचनाची पहिली पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. कारण मराठी ही ह्या डोंगरात ओळखीची भाषा होती. ज्या मुलखात मुलांचीच अक्षरओळख इतक्या उशिरा सुरू झाली, तेथे त्यांच्या आयांना पुस्तकातून सल्ला कोठून मिळावा?

म्हणून तोंडी बोलण्याची थोरवी गावी, आणि तेथेच थांबावे, असा मोह होतो. परंतु इतिहास सांगावयाचा तर सगळा सांगितला पाहिजे. ह्या बोलण्यात जसे शहाणपण होते तसे विषही होते. बाळंतपणानंतरचे पहिले घट्ट पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते 'जड' म्हणून पिळून टाकून देण्याचा सल्ला पिढ्यान् पिढ्या दिला गेला. आणि मुलाला रोगापासून राखणारे पहिले रक्षण त्याबरोबर मातीत गेले. मुलाला हगवण लागली की पाणी तोडावयाचे, हा दुसरा सल्ला. त्याने किती पाळणे रिकामे केले असतील ह्याची गणतीच नाही. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' देत, आणि तीही एकीने दुसरीला सांगितलेलीच होती. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांना दिवसभर यंत्रापाशी उभे राहावयाचे होते, आणि मूल सांभाळावयास कोणी नव्हते. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या, आणि १८८६ साली अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्रावर. सुईणीच्या आणि आजीच्या ज्ञानाला हसून सोडून न देता त्याचा अभ्यास करावा, हे त्या तरुण स्त्रीला उमगले होते.

मग प्रश्न उरतो तो असा, की चुकीचा सल्ला जाऊन बरोबर सल्ला यावा कसा? ह्याचे उत्तर गेल्या पन्नास-साठ वर्षांनी दिले आहे, आणि ते मोठे बोधप्रद आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचे पाणी आप्तांच्या हाती दिले आणि रोग्यांना पाजावयास लावले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढे १९८० ते १९९० ह्या दशकात बांगलादेशात 'ब्रॅक' ह्या संस्थेच्या बायका घरोघर गेल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मोजके पाणी, हे त्यांनी एक कोटीहून अधिक घरांतील आयांना स्वतः करून दाखविले व करून घेतले. औषध नवे होते. परंतु ते गेले जुन्याच वाटेने, एका बाईच्या तोंडून दुसरीच्या कानी.

दुसरे उदाहरण आदिलाबादच्या उंबरठ्यावरचे आहे. प्राणहितेच्या एका तीरावर जुना आदिलाबाद जिल्हा आणि दुसऱ्या तीरावर गडचिरोली. तेथे १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. त्यांनी गावातल्याच बायकांना निवडले, शिकविले आणि आरोग्यदूत केले. नवजात मुलाला ऊब कशी द्यावी, त्याचे वजन कसे पाहावे, जंतुदोषाची चिन्हे कशी ओळखावी, हे त्या ओळखीच्या बायका बाळंतिणीच्या खोलीत बसून सांगत आणि करीत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ह्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. पुढे आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे हीच रीत देशभर नेण्यात आली. जे ज्ञान दवाखान्याच्या पायरीवर अडून बसले होते, ते शेजारीण होऊन घरात आले तेव्हा मुले वाचली.

आज केरामेरी आणि जिवती ह्यांच्या दरम्यानच्या डोंगरात परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर अशी काही गावे आहेत, की त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगण अशी दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथील कित्येकांपाशी दोन्हीकडची शिधापत्रिका आहे, दोन्हीकडच्या मतदारयादीत नाव आहे. तेथील आईला सरकारी सल्ला दोन भाषांत मिळू शकतो. परंतु मूल मध्यरात्री तापाने फणफणले, म्हणजे ती पहिल्याने हाक मारते ती भिंतीपलीकडच्या बाईला, आणि ती हाक कोणत्या राज्याची हे विचारण्यास तेव्हा कोणाला सवड नसते.

म्हणून 'बायकांच्या गप्पा' म्हणून ज्याची आपण थट्टा करतो, त्याकडे जरा आदराने व जरा जबाबदारीने पाहावे, एवढेच मला सुचवावयाचे आहे. आदराने अशासाठी, की ह्या वाटेवाचून कोणतेही नवे ज्ञान पाळण्यापर्यंत पोहोचलेले नाही. जबाबदारीने अशासाठी, की ह्या वाटेने खोटेही तितक्याच वेगाने जाते. बाळकडूचेच पाहा. ज्या गुटीच्या नावाने आपण मुलांच्या गुणांचे कौतुक करतो, तीच गुटी पहिले सहा महिने देऊ नये, आईच्या दुधावाचून त्या काळात मुलाला काही नको, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. हे सांगावयाचे तर आजीला दुखवून सांगू नये. आजीच्या तोंडूनच ते वदवावे. हगवण लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजीत राहावे, दूध तोडू नये, आणि मूल मलूल दिसल्यास लगेच दवाखाना गाठावा, ही गोष्ट ज्या आजीने एकदा पत्करली, तिच्या साऱ्या आळीने ती पत्करली असे समजावे.

सून माहेराहून नदी ओलांडून परत येईल तेव्हा तिच्या बोचक्यात सहाण असो वा नसो. परंतु हे चार शब्द असावेत. बाळकडू म्हणा की उग्गु म्हणा, मुलाला खरोखर पाजावयाचे ते हेच.