मैदान, कोष्ठ आणि एक कल्पित द्विध्रुव

विद्युत उपकरणातून नकळत बाहेर पडणाऱ्या रेडिओलहरींचे मोजमाप हा विषय वाङ्मयाच्या तौलनिक अभ्यासकाला परका वाटेल. परंतु त्याच्या इतिहासात आपल्या परिचयाचा एक प्रश्न आहे : दोन भिन्न परिस्थितींतील नोंदी ताडून पाहताना प्रमाण कोणते मानावयाचे, आणि का?

रेडिओश्रवणातील व्यत्ययाच्या प्रश्नातून १९३३ साली पॅरिस येथे 'सिस्पर' या आंतरराष्ट्रीय समितीचा पाया घातला गेला. पुढे प्रमाण ठरले ते खुले मैदान. उपकरण फिरत्या मेजावर ठेवायचे, ३, १० किंवा ३० मीटरांवर अँटेना उभारायचा आणि तो १ ते ४ मीटर उंचीत वरखाली करून सर्वाधिक वाचन टिपायचे. थेट येणारी लहर आणि जमिनीवरून परावर्तित होणारी लहर कधी एकमेकींना पुष्टी देतात, कधी मारतात, म्हणून हा खटाटोप. ही जमीनही धातूच्या पत्र्याने मढवलेली असते. 'खुले' या विशेषणातून सूचित होणारी नैसर्गिकता अशी पुष्कळशी रचलेली आहे.

१९७४ साली अमेरिकेतील बोल्डर येथे मायरन क्रॉफर्ड यांनी बंदिस्त कोष्ठाची मांडणी केली. मधला वाहक व भिंत यांच्या दरम्यान जवळपास एकसमान क्षेत्र निर्माण होते. बाहेरील प्रक्षेपणकेंद्रांचा गलबला आत शिरत नाही. मात्र वारंवारता वाढली की क्षेत्राची घडण बिघडते. त्यावर १९८७ साली स्वित्झर्लंडमधील बाडेन येथे हान्सेन आणि क्योनिगस्टाइन यांनी निमुळत्या मनोऱ्याच्या आकाराचा, टोकाशी लहरी शोषून घेणारा कोष्ठ सुचविला.

खरी अडचण पुढे होती. कोष्ठ देतो केवळ व्होल्टता. तेथे अंतर नाही, अँटेनाची उंची नाही. पेरी विल्सन यांच्यासह या दोघांनी १९८९ साली मांडलेली रीत अशी : उपकरण परस्परलंब अशा तीन स्थितींत ठेवून तीन वाचने घ्यावीत, त्यांतून एकूण उत्सर्जित शक्ती काढावी, तेवढीच शक्ती फेकणारा एक द्विध्रुव कल्पावा, तो धातूच्या जमिनीवर मांडावा आणि त्याचे सर्वाधिक क्षेत्र गणिताने शोधावे. तुलना घडते ती या कल्पित द्विध्रुवाच्या मध्यस्थीने. भाषांतराच्या अभ्यासात 'मूळ' आणि 'लक्ष्य' यांच्यामधील ज्या अदृश्य तिसऱ्याविषयी आपण इतके लिहितो, तो येथे निदान समीकरणात स्पष्ट लिहिलेला आहे! उपकरणाला लांब तारा जोडलेल्या असल्या, किंवा त्याचे उत्सर्जन एकाच दिशेला झुकलेले असले, की हे गृहीतक डळमळते.

तरीही तफावत आढळली की ती कोष्ठाच्या खात्यावर टाकली जाते. वस्तुतः सैद्धांतिक मूल्यापासून अधिक-उणे ४ डेसिबलांत बसणारे मैदान ग्राह्य धरले जाते. म्हणजे दोन मान्य मैदानांतही तत्त्वतः ८ डेसिबलांचे, क्षेत्रतीव्रतेत सुमारे अडीच पटींचे, अंतर संभवते. मैदानाचा मान त्याच्या अचूकतेपेक्षा ज्येष्ठतेतून आला, असे माझे मत आहे. उत्सर्जनाच्या मर्यादा त्याच्याच भाषेत लिहिल्या गेल्या होत्या. २००३ साली 'आयईसी ६१०००-४-२०' या मानकाने कोष्ठाला रीतसर स्थान दिले, तेव्हाही त्याच्या वाचनाचे मैदानी वाचनात रूपांतर करण्याची रीत त्यात सोबत होतीच.