पत्ता आणि घर

सी भाषा हाताखालून गेली आहे, पण थ्रेडच्या, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी चालणाऱ्या कामांच्या, वाटेला जो अजून गेलेला नाही, अशा वाचकासाठी हा विषय आहे. डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली, तेव्हा तिच्यात थ्रेड नव्हते. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाने 1995 साली त्यांची सामाईक रीत ठरवली. भाषेच्या स्वतःच्या मानकात ते 2011 साली आले.

पॉझिक्समध्ये ‘पीथ्रेड_क्रिएट’ नव्या थ्रेडला शिदोरी म्हणून एकच गोष्ट देते: एक व्हॉइड पॉइंटर. पॉइंटर म्हणजे पत्ता. पत्ता हाती आला म्हणजे घर मिळाले असे नव्हे. थ्रेड तिथे पोहोचेपर्यंत घरात दुसरेच कोणी राहायला आलेले असेल, किंवा घरच पडलेले असेल.

नवशिक्याची नेहमीची चूक पाहा. लूपमध्ये चार थ्रेड सुरू करायचे आणि प्रत्येकाला ‘आय’ या चलाचा पत्ता द्यायचा. 0, 1, 2, 3 हे क्रमांक अपेक्षित असतात. हाती कधी 1, 3, 3, 4 असे काहीही येते. चौघांकडे एकच पत्ता आहे आणि मुख्य थ्रेड तिथली किंमत बदलत पुढे निघून गेला आहे. तो चल ज्या फंक्शनचा, ते संपले तर स्टॅकवरची ती जागाही हक्काची राहत नाही.

उपाय साधे आहेत. प्रत्येक थ्रेडला स्वतःचे स्ट्रक्चर द्यावे. ते ॲरेत असेल, तर ‘जॉइन’ होईपर्यंत, म्हणजे थ्रेड संपल्याची खात्री होईपर्यंत, ॲरे जिवंत ठेवावा. ‘मॅलॉक’ने घेतले असेल, तर ‘फ्री’ कोणी करायचे हे आधीच ठरवावे. ‘पीथ्रेड_क्रिएट’ बोलावण्यापूर्वी लिहिलेले नव्या थ्रेडला नीट दिसेल, ही हमी पॉझिक्स देते. त्यानंतर कोणताही थ्रेड सामाईक माहिती बदलणार असेल, तर म्युटेक्ससारखी, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपासारखी, व्यवस्था हवी.

पत्ता सोपवण्यातली चूक शंभर वेळा झाकली जाते आणि एकशे एकाव्या वेळी उघडी पडते. म्हणून इथे चाचणीवर विसंबता येत नाही, युक्तिवादच करावा लागतो: ही माहिती कोणाची, कुठवर जगणार, कोण बदलणार? प्रत्येक पॉइंटर सोपवताना हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली, की वाचक या विषयाचा उंबरठा ओलांडून आत आलाच.