गालातली खूण

तोंडाच्या कर्करोगाच्या रेणवीय खुणांचा इतिहास एरवी जनुकापासून सुरू होतो. महाराष्ट्रापुरता तो गालापासून सांगायला हवा. परळला १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय उघडलं आणि तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा छापला. पुढे १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी दाखवलं, की तंबाखू चघळणाऱ्याला रोग तोंडात होतो, तर ओढणाऱ्याला अधिककरून घशात. सवय आणि रोगाची जागा यांचं हे नातं हीच इथली पहिली खूण. मुंबई ब्रिटिशांची, तर परभणीतलं पिंगळी गाव आणि सारी परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तंबाखूला चुना मळून गालात धरायची रीत मात्र कुठल्या राज्याची हद्द पाळत नव्हती.

खूण मातीवर ठरते, हे पुढेही दिसलं. पाश्चात्त्य देशांत एचपीव्ही विषाणूमुळे होणारा घशाचा कर्करोग वाढला, म्हणून त्या विषाणूची चाहूल देणाऱ्या पी१६ या प्रथिनाला अमेरिकी वर्गवारीत मानाचं पान मिळालं. आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या रोगात त्या विषाणूचा वाटा थोडा, त्यामुळे ती खूण इथे फारशी उपयोगी नाही. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र आणि बंगालमधल्या कल्याणीची जीनोमिक्स संस्था यांनी गाल-हिरडीचाच रोग निवडला, आधी ५० रुग्णांच्या गाठींतली जनुकं वाचली, नंतर आणखी ६० जणांत पडताळली. २०१३ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात टीपी५३ सारख्या ओळखीच्या जनुकांबरोबर यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी नवी नावं आली.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: पिंगळीतल्या माणसाला जनुकं कशाला, कुणीतरी बॅटरी घेऊन त्याचं तोंड वेळेवर पाहिलं तरी पुरे. लवकर निदानापुरतं हे खरंच आहे. पांढरा चट्टा किंवा न उघडणारा जबडा ओळखायला यंत्र लागत नाही. पण गाठ सापडल्यावर पुढे काय, रोग मानेत पोचला आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. टाटा रुग्णालयाच्याच, २०१५ मध्ये छापलेल्या चाचणीत सुरुवातीलाच मानेतल्या लसिका गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणून आता अशा रुग्णांची मान बहुधा उघडतात. त्यातल्या बहुतेकांच्या मानेत रोग पोचलेला नसतो, हे शस्त्रक्रियेनंतर कळतं. ही शस्त्रक्रिया कुणाची टाळता येईल, हे आधी खात्रीने सांगणारी रेणवीय खूण रोजच्या उपचारात अजून आलेली नाही.